सप्ताहानंतरचा आठवा दिवस

परभणीहून मानवत रोडकडे निघालेली पॅसेंजर पेडगावला थांबते. भीमेच्या काठी, श्रीगोंदा तालुक्यात, किल्ल्याचं एक पेडगाव आहे ते वेगळं. मी लिहितो आहे ते परभणी तालुक्यातल्या, काळ्या रानाच्या, कापूस-सोयाबीन-तुरीच्या पेडगावसाठी आणि त्याच्या शेजारपाजारच्या गावांसाठी. या भागाला अध्यात्म शिकवायला बाहेरून कुणी यायची गरज नाही. अखंड हरिनाम सप्ताह होत नाही असं गाव इथं शोधावं लागेल. पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचं पारायण, दुपारी गाथा भजन, सायंकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि नंतर जागर. वीणा सात दिवस जमिनीला टेकत नाही. विणेकऱ्यांचे पहारे वाटून दिलेले असतात आणि रात्री तीनचा पहाराही कुणी चुकवत नाही. काल्याचं कीर्तन होतं, पंगती उठतात, आणि त्या संध्याकाळी गावातल्या बहुतेकांच्या चेहऱ्यावर खरोखरचं समाधान असतं.

हा लेख त्याच्या दुसऱ्या दिवसाविषयी आहे. मांडव सुटलेला असतो, भाड्याची भांडी परत गेलेली असतात, आणि आदल्या आठवड्यात कीर्तनात डोळे पुसणारा माणूस बांधावर उभा राहून चुलतभावाला वाट्टेल ते बोलत असतो. घरात सासू-सुनेचं पुन्हा सुरू होतं. मुलाच्या लग्नाची काळजी, सोसायटीचं कर्ज, सोयाबीनचा भाव, सगळं जिथं ठेवलं होतं तिथंच सापडतं. त्या माणसाचे अश्रू खोटे होते असं कुणी म्हणू नये, ते खरेच होते. सात दिवस त्याच्या मनाला गावाचा आधार होता, टाळ-मृदंगाची लय होती, घरच्या कटकटीपासून थोडी सुटका होती. आधार निघून गेला की मन जुन्या वाटेला लागतं. आठव्या दिवशी टिकणारा बदल ज्याचा त्याला आतून घडवावा लागतो, रोज थोडा थोडा. तो कसा घडवायचा, याबद्दल आपल्याच मुलखातल्या संतांनी फार व्यवहारी गोष्टी सांगून ठेवल्या आहेत.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. तोवर नरसी, औंढा नागनाथ आणि गंगाखेड ही तिन्ही ठिकाणं परभणी जिल्ह्यातच होती. नरसी हे परंपरेनं संत नामदेवांचं जन्मगाव, जन्म १२७० चा. त्यांची गोरोबाकाकांच्या घरची गोष्ट लहानपणापासून आपण ऐकतो, पण ती बहुधा चमत्काराच्या ओढीनं ऐकतो आणि तिच्यातला उपयोगाचा भाग निसटून जातो. तेरला संतमंडळी जमली होती. यातली मडकी कच्ची कोणती आणि भाजलेली कोणती ते पाहा, असं मुक्ताबाईंनी गोरोबांना सुचवलं. गोरोबांनी थापटणं उचललं आणि एकेकाच्या डोक्यावर मारत गेले. बाकीचे शांत बसून राहिले. नामदेवांना मात्र राग आला, आणि मडकं कच्चं ठरलं.

इथं जरा थांबून पाहू. नामदेव तेव्हा नवशिके नव्हते. प्रत्यक्ष विठ्ठल त्यांच्या हातचा नैवेद्य खातो, त्यांच्याशी बोलतो अशी त्यांची ख्याती होती. भक्ती वाढत गेली होती आणि तिच्याबरोबर भक्ताचा मोठेपणाही नकळत वाढत गेला होता. थापटणं डोक्यावर पडल्याबरोबर जो उठून उभा राहिला तो हा मोठेपणा होता: मी कोण आणि मला मारता? या परीक्षेत गोरोबांनी पाठांतर विचारलं नाही, किती वाऱ्या केल्या ते विचारलं नाही, ध्यानात काय दिसतं तेही विचारलं नाही. मनाविरुद्ध घडल्यावर माणूस पहिल्या क्षणी कसा वागतो, एवढंच त्यांनी पाहिलं. अंतरंगातल्या बदलाची याहून खरी कसोटी मला तरी ठाऊक नाही.

नामदेव रुसून पंढरीला गेले, देवाकडे तक्रार केली, आणि देवानं त्यांना विसोबा खेचरांकडे पाठवलं. औंढ्याच्या देवळात एक म्हातारा शंकराच्या पिंडीवर पाय ठेवून झोपलेला. पाय काढा म्हटल्यावर तो म्हणाला, माझ्यात बळ नाही, जिथं देव नसेल तिथं तूच नेऊन ठेव. जिथं ठेवावेत तिथं पिंड. या कथेतला चमत्कार क्षणभर बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. देव इथं आहे आणि तिथं नाही, तो माझा आहे आणि याचा नाही, ही नामदेवांची खात्री त्या दिवशी मोडली. पुढं हाच माणूस उत्तरेत गेला, पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला त्याची आठवण आजही जपलेली आहे, आणि गुरू ग्रंथसाहिबात त्याची ६१ पदं आहेत. एका देवळापुरती असलेली भक्ती परक्या भाषेतल्या परक्या माणसांपर्यंत पोचली ती औंढ्याच्या भेटीनंतर.

आणखी एक गोष्ट कीर्तनकार सांगतात, पण श्रोते पुढं विसरतात. ज्यांनी नामदेवांना वळण दिलं ते विसोबा पूर्वी स्वतः ज्ञानेश्वरादी भावंडांचा छळ करणारे विसोबा चाटी होते, असं परंपरा सांगते. मांडे भाजायला मुक्ताबाईंना खापर मिळू नये म्हणून त्यांनी कुंभारांना दटावलं होतं. पुढं त्यांना पश्चात्ताप झाला आणि ते त्याच भावंडांचे झाले. ‘माझा स्वभावच तापट आहे, आता या वयात काय बदलणार’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकानं विसोबांकडे पाहावं. वाट अडवणारा माणूस वाट दाखवणारा झाला, आणि त्यांच्या आधीच्या चुका परंपरेनं लपवून ठेवल्या नाहीत.

मग सुरुवात कुठून करायची? स्वभाव बदलायचा असा संकल्प करू नका. तो इतका मोठा आहे की मन चार दिवसांत त्याचा नाद सोडतं. तुमचं मडकं जिथं कच्चं निघतं अशी एकच जागा निवडा. कुणाची ती बांधावर असते, कुणाची जेवणाच्या ताटावर, कुणाची मुलाचा निकाल लागतो त्या दिवशी, कुणाची भावकीतल्या लग्नात आपल्याला मान मिळाला नाही तेव्हा. पहिले आठ-दहा दिवस ती जागा बदलण्याचा प्रयत्नही नको. एक छोटी वही ठेवा आणि रात्री त्यात तीनच गोष्टी लिहा: केव्हा भडकलो, त्याआधी काय झालं होतं, आणि शरीरात पहिल्यांदा कुठं जाणवलं. कानशिलं तापली, छातीत धडधडलं, जबडा आवळला, जे असेल ते. वही वाचली की काही साध्या गोष्टी ध्यानात येतात. राग बहुधा ठरावीक वेळी येतो, भुकेला येतो, अपुऱ्या झोपेनंतर येतो, बाजारातून हात हलवत परतल्यावर येतो. ज्याच्यावर तो निघतो तो माणूस पुष्कळदा त्या रागाचं कारणच नसतो. एवढं दिसणं हाच बदलाचा पहिला टप्पा आहे आणि तो लहान समजू नये.

यानंतर पहाटेचा अर्धा तास. सप्ताहात काकड्याला उठणाऱ्या माणसाला पहाटे उठणं जमत नाही असं म्हणता येणार नाही. अट एकच आहे: मोबाइल हातात घेण्याआधी. भाव, हवामान, रात्रीचे निरोप हे एकदा डोक्यात शिरले की बसण्यात अर्थ राहत नाही. ओसरीवर, देवघरासमोर, आखाड्यावर मुक्कामाला असाल तर तिथल्या बाजेवर, पाठ सरळ ठेवून बसा. गुडघे दुखत असतील तर खुर्ची चालते, देवाला त्याचं काही वाटत नाही. डोळे मिटा आणि श्वास नाकपुड्यांपाशी येतो-जातो तो नुसता पाहा. तो लांब करायचा नाही, रोखायचा नाही. दहा श्वासही सलग पाहून होणार नाहीत, मन सोसायटीत जाईल, सोयाबीनच्या गंजीवर जाईल, भावानं काय म्हटलं होतं त्यावर जाईल. गेलं हे कळलं की परत आणायचं, स्वतःला दोष न देता. हे परत आणणं हाच खरा सराव. मन एकदाही गेलं नाही अशी बैठक बहुधा झोपेचीच असते.

श्वासाऐवजी नाम घेणार असाल तर तेही उत्तम, फक्त सावकाश घ्या. ज्ञानेश्वर महाराजांच्या हरिपाठाचे २७ अभंग संध्याकाळी टाळाच्या वेगात म्हणायची आपल्याला सवय आहे आणि ती सुंदर आहे. पहाटे मात्र त्यातला एकच अभंग घ्यावा, दोनदा हळू म्हणावा आणि नंतर पाच मिनिटं गप्प बसावं. रोज एक घेतला तर महिना संपायच्या आत पुन्हा पहिला येतो, आणि दुसऱ्या फेरीत तो वेगळा ऐकू येतो. पेडगावच्या परिसरात बुद्धविहारात वंदनेला जाणारी कुटुंबंही आहेत. त्यांच्याकडे आनापानसतीची, म्हणजे याच श्वासावरच्या सजगतेची, अडीच हजार वर्षांची परंपरा आहे. फजरची नमाज झाल्यावर काही वेळ शांत बसणाऱ्याची वाटही हीच. परभणीत तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसाला सगळ्या धर्मांची माणसं जातात, त्या भागाला हे समजावून सांगावं लागू नये.

ज्यांना घर आणि काम दहा दिवस सोडता येतं त्यांनी इगतपुरीच्या धम्मगिरीवर विपश्यनेचं शिबिर करून पाहावं. सत्यनारायण गोएंका यांनी १९६९ मध्ये भारतात ही शिबिरं सुरू केली आणि १९७६ मध्ये इगतपुरीचं केंद्र उभं राहिलं. शिबिरात मौन असतं, फोन जमा करावा लागतो, पहाटे चारला घंटा होते. शुल्क नसतं, शिबिर पूर्ण केल्यावर इच्छेप्रमाणे दान देता येतं. कापूस वेचणीच्या दिवसांत जाऊ नका, मन घरी राहील. मानसिक आजारावर औषधं सुरू असतील तर अर्जात ते स्पष्ट लिहा आणि आधी डॉक्टरांना विचारा. आणि शिबिराचा प्रश्नही सप्ताहासारखाच आहे, हे लक्षात असू द्या. अकराव्या दिवशी इगतपुरीहून गाडीत बसल्यावर जे उरतं ते तुमचं.

बैठक अर्ध्या तासाची, दिवस मात्र सोळा तासांचा. त्या सोळा तासांचं काय करायचं याचं उत्तर गंगाखेडच्या लेकीनं दिलं आहे. जनाबाई लहानपणीच पंढरपूरला नामदेवांच्या वडिलांच्या, दामाशेटींच्या, घरी आल्या आणि जन्मभर त्या घरात दळण-कांडण, झाडलोट, पाणी भरणं हेच करत राहिल्या. त्यांना साधनेसाठी वेगळी वेळ कुणी दिली नव्हती. साडेतीनशेच्या आसपास अभंग त्यांच्या नावावर आहेत आणि त्यातल्या कितीतरी अभंगांत जातं आहे, उखळ आहे, केर आहे. पंढरपूरजवळ गोपाळपुराला त्यांचं म्हणून जातं दाखवतात. गोवऱ्यांवरून झालेल्या भांडणाची त्यांची आख्यायिकाही प्रसिद्ध आहे. गोवरी कानाशी लावा, जिच्यातून विठ्ठल ऐकू येईल ती माझी, असं त्या म्हणाल्या. कामात ओतलेलं मन हीच त्यांच्या मालकीची खूण होती.

विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात १८ रविवार गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती लिहून घेतली. त्यात चौथ्या-पाचव्या अध्यायाच्या निमित्तानं त्यांनी हीच गोष्ट उलगडली आहे. बाहेरचं काम आणि त्याच्या जोडीला आतलं मन, दोन्ही एकत्र आली की कामाचं ओझं वाटेनासं होतं. हे तुरुंगातल्या कैद्यांना सांगितलं गेलं होतं, ज्यांना आपलं काम निवडण्याची मुभा नव्हती. आपल्यातल्या बहुतेकांनाही ती फारशी नसते.

तेव्हा दिवसातलं एक काम निवडा. धार काढणं असेल, भांडी घासणं असेल, निंदणीची एक ओळ असेल, दुकानाचं शटर उघडून झाडून घेणं असेल. तेवढं एकच काम फोनशिवाय, गप्पांशिवाय, आणि पुढच्या कामाचा विचार न करता करायचं. हाताला काय लागतं आहे, आवाज कसला येतो आहे, एवढंच. ओठांवर नाम असेल तर आणखी चांगलं. आपल्या आज्या जात्यावर हेच करत होत्या. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यात आपल्या जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाजही ध्वनिमुद्रित आहे. सीतेच्या वनवासाच्या त्यांच्या ओव्या मिळवून ऐकाव्यात. दुःख नाकारलेलं नाही आणि दुःखानं आवाज मोडलेलाही नाही, असं गाणं कसं असतं ते त्यातून कळतं.

इथं एक इशारा द्यायलाच हवा, कारण संतांची नावं घेऊन बायकांना गप्प बसवण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. जनाबाईंचं उदाहरण सोसत राहण्यासाठी वापरू नका. त्या देवाशी भांडल्या, त्याला शिव्या दिल्या, समाजाच्या बोलण्याची पर्वा न करता स्वतःचं म्हणणं मांडत राहिल्या. घरात बाईला मारहाण होत असेल तर मन शांत ठेव असा सल्ला तिला देणं हा अधर्म आहे. तिनं १८१ या महिला हेल्पलाइनवर किंवा ११२ वर फोन करावा, आणि आजूबाजूच्यांनी तिच्या बाजूला उभं राहावं. आतली शांती मिळाली की माणूस अन्यायापुढं वाकतो, ही समजूत चुकीची आहे. शांत माणूस ‘नाही’ जास्त स्पष्ट म्हणू शकतो.

बांधाच्या भांडणातही तेच. चुलतभावानं दोन तास नांगरून घेतले असतील तर सोडून द्या असं मी म्हणणार नाही, जमीन ही शेतकऱ्याची भाकर आहे. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज द्या, रीतसर मोजणी करून घ्या, खुणा रोवून घ्या. हक्काचं काम कागदानं होतं. त्यासाठी रात्र-रात्र जागून मनात त्या माणसाशी बोलत राहण्याची, त्याच्या पोरांचं वाईट चिंतण्याची, त्याच्या घरच्या मयतीला न जाण्याची काहीच गरज नसते. मोजणी होईपर्यंत एक नियम पाळून पाहा: त्याच्याविषयी बोलायचं ते फक्त तलाठी, मोजणीदार आणि वकील यांच्याशी, पारावर नाही. पारावर बोललं की राग ताजा होतो आणि ऐकणाऱ्याला त्यात आणखी घालावंसं वाटतं. ज्या गावांत सप्ताह समिती मजबूत आहे तिथं तिनं एक गोष्ट करून पाहावी अशी माझी मनापासून विनंती आहे. काल्याच्या दुसऱ्या दिवशी, मांडव सोडण्याआधी, दोन्ही बाजू तयार असतील असा एक तरी जुना तंटा त्याच मांडवात बसवून बोलता करावा. सात दिवसांनी मऊ झालेली मनं तेव्हा समोर असतात, महिन्याभरानं नसतात.

कर्जाविषयी. ध्यानानं कर्ज फिटत नाही आणि नामस्मरणानं पाऊस वेळेवर येत नाही. असं सांगणारा कुणी भेटला तर त्याच्यापासून दूर राहा. पण भीती आकड्यापेक्षा मोठी होते ती आकडा न लिहिल्यामुळे, हे खरं आहे. बँकेचं किती, सोसायटीचं किती, सावकाराचं किती, कृषी सेवा केंद्राची उधारी किती, हे एकदा कागदावर मांडा आणि तो कागद घरच्यांना दाखवा. बायकोला काळजी नको म्हणून लपवणारे पुष्कळ असतात. तिला सगळं आधीच जाणवलेलं असतं, फक्त आकडा ठाऊक नसतो. लपवणं थांबलं की मनावरचं अर्धं वजन तिथंच उतरतं.

आणि काही वेळा मनाचं दुखणं साधनेच्या आवाक्याबाहेर गेलेलं असतं. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडालेली, जेवण नकोसं, कशातच रस नाही, भजनातही नाही, आपण असून काय उपयोग असे विचार येत असतील, तर तो आजार असू शकतो. तो भक्ती कमी पडल्यानं होत नाही, जसा मधुमेह भक्ती कमी पडल्यानं होत नाही. १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेली ही सरकारी सेवा मोफत आहे, दिवसरात्र आहे आणि मराठीत बोलता येतं. परभणीच्या जिल्हा रुग्णालयात जा, सोबत कुणाला तरी न्या. घरातलं कुणी असं बोलत असेल तर ते हसण्यावारी नेऊ नका, त्याला एकटं सोडू नका, आणि फवारणीच्या औषधाच्या बाटल्या त्याच दिवशी घरातून आणि आखाड्यावरून हलवून दुसऱ्याच्या ताब्यात कुलपात ठेवा. जीव नको वाटण्याचा तो क्षण पुष्कळदा थोडा वेळ टिकतो आणि ओसरतो. तेवढ्या वेळात बाटली हाताशी नसणं, एवढ्यानंही जीव वाचतो.

दुबळ्या मनाचा माणूस गुरूच्या शोधात निघतो तेव्हा त्याला फसवणंही सोपं असतं. औषध बंद कर म्हणणारा, बाईला एकटीला बोलावणारा, अडचण दूर करण्याचा दर सांगणारा, घरच्यांशी संबंध तोडायला लावणारा, हे गुरू नव्हेत. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि अशा माणसाविरुद्ध पोलिसांत तक्रार देता येते. खरा मार्गदर्शक तुम्हाला स्वतःवर अवलंबून ठेवत नाही. विसोबांनी नामदेवांना औंढ्यात डांबून ठेवलं नाही.

आता या सगळ्याचा उपयोग होतो आहे की नाही हे कसं ओळखायचं? ध्यानात प्रकाश दिसला, अंगावर शहारे आले, स्वप्नात माउली आली, यावरून ठरवू नका. हे अनुभव गोड असतात, पण ते येतात आणि जातात, आणि त्यांचा अभिमान चढायला वेळ लागत नाही. माळ घातल्यावर मांसाहार सुटला की काही जणांना माळ न घालणाऱ्यांकडे वरून पाहायची सवय लागते, हे आपण आपल्याच घरांतून पाहिलं आहे. तिथं नामदेवांचीच चूक पुन्हा होते. साधनेला लागल्यावर तुम्ही इतरांविषयी कठोर होत चालला असाल तर थांबून विचार करा, मग बैठक कितीही लांब होत असो.

थापटणं आजही उपलब्ध आहे आणि ते घरच्या माणसांच्या हातात आहे. तीन-चार महिने नेमानं झाल्यावर, मन स्थिर असेल अशा एका संध्याकाळी, घरातल्या सगळ्यात कमी अधिकार असलेल्या माणसाला विचारा: धाकट्या सुनेला, शाळेत जाणाऱ्या नातवाला, सालगड्याला. मोठ्यांना विचारू नका, ते मान राखून बोलतील. ‘माझ्याशी बोलताना तुला अजून भीती वाटते का? कोणत्या वेळी?’ एवढंच विचारा. पहिल्यांदा तो माणूस काही नाही म्हणेल. घाई करू नका, पुन्हा काही दिवसांनी विचारा. उत्तर आलं की खुलासा देऊ नका, ‘पण तेव्हा तूच’ असं म्हणू नका, बदललोय की मी असंही नको. ऐकून घ्या. त्यानं सांगितलेल्या वेळांपैकी एक वेळ रात्री वहीत लिहा, आणि दुसऱ्या दिवसापासून निवडलेली जागा ती.